वर्तमानात जगायचं म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की वय ६३, साखर कारखान्यात मिल हाऊसला फोरमन होता, रिटायर होऊन ३ वर्षं झाली, पोरगा पुण्यात, घरी तुम्ही दोघंच. पैशाची ओढाताण नाही. पण पहाटे तीनला जाग येते आणि जुनं सगळं वर येतं, १९९८ ला रस्त्याकडेची २० गुंठे जमीन विकली ती चूक, भावाशी बोलणं तोडलं ती चूक, आणि ते संपलं की पुढचं सुरू, मी पडलो तर, हिला काही झालं तर. सगळे सांगतात वर्तमानात जगा, म्हणून तुम्ही डोळे मिटून १० मिनिटं बसूनही बघितलं तर डोक्यात नुसता आठवडी बाजार. आणि शेवटी लिहिलंय की बायको म्हणते दिवसभर घरात पायात पायात येता. आपलं काही बिघडलंय का, असा प्रश्न.

मला वाटत नाही बिघडलंय, पण दोन-तीन गोष्टी तपासून मग बोलू. मी कोल्हापुरात ३६ वर्षं प्रॅक्टिस करतोय, त्यातली शेवटची १५ वर्षं निम्म्याच्या वर पेशंट साठीच्या पुढचेच, आणि आता मी स्वतः ६९ चा आहे, त्यामुळं हे उत्तर थोडं डॉक्टरचं आणि थोडं त्याच बाकावर बसलेल्या माणसाचं समजा. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो आठवडी बाजार. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली एक अभ्यास छापला होता, २,२५० लोकांना दिवसात मध्येच कधीही फोनवर विचारायचं की आत्ता काय करताय, मन कुठं आहे आणि बरं वाटतंय का. तर जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतंच, दुसरीकडंच कुठंतरी होतं, आणि तसं असताना ते कमी सुखी होते. गंमत म्हणजे मन एखाद्या चांगल्या विचारात रमलेलं असलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त बरं वाटत नव्हतं. ही काय फक्त म्हातारी माणसं नव्हती, सगळ्या वयाची होती. म्हणजे डोकं भटकणं हा तुमचा आजार नाही, माणसाचं डोकं असंच असतं.

मग रिटायर झाल्यावर वाढलं का? मेंदूचे काही भाग असे आहेत की ज्यांचं काम आपण रिकामे असलो की जास्त चालतं, त्याला डिफॉल्ट मोड म्हणतात, अमेरिकेतल्या मार्कस रायकल नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी २००१ साली हे नाव दिलं. हे भाग काय करतात, तर स्वतःविषयी विचार. मी असा वागलो, तो मला असं म्हणाला, माझं पुढं काय होणार. तुम्हाला कारखान्याच्या भाषेत सांगतो. इतकी वर्षं गव्हाणीत ऊस पडत होता, शिफ्ट, ब्रेकडाऊन, उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयची भांडणं, आणि मिल ते गाळत होती. रिटायर झाला त्या दिवशी ऊस बंद झाला पण मिल कोण बंद करणार, ती फिरतेच आहे, आणि आता गव्हाणीत दुसरं काही नाही म्हणून तुम्हालाच पिळतेय. रिकामी मिल फिरवत ठेवली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता तपासण्या. हा भाग लोक टाळतात आणि थेट प्रवचनाला जातात. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो, साधारण २० वर्षांपूर्वीची, एक बाई यायच्या, साठीच्या, कशात मन लागत नाही, सारखी मरगळ, रडू येतं, आणि मी शहाण्यासारखं सांगितलं की देवळात जावा, भजनी मंडळात जावा, मन रमवा. सहा-सात महिने त्या भजनात जाऊन झोपा काढत होत्या. नंतर थायरॉईड बघितला तर चांगलाच कमी. गोळी सुरू केल्यावर दोन-अडीच महिन्यात माणूस बदलला. तेव्हापासून मी शांतीविषयी बोलायच्या आधी रक्त काढतो. तुम्ही पण थायरॉईड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन एवढं करून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या रोजच्या असतील तर बी-१२ कमी पडू शकतं, आणि ते कमी पडलं की मन आणि आठवण दोन्हीवर परिणाम होतो. कान तपासा. ऐकू कमी येणारा माणूस चारचौघात बसणं बंद करतो, घरच्यांना वाटतं अण्णा विरक्त झाले. कसले विरक्त, त्यांना ऐकूच येत नसतं.

पहाटे तीनची जाग. तुम्ही झोपता किती वाजता हे लिहिलं नाही, पण नऊला झोपत असाल आणि दुपारी जेवून दीड तास ताणून देत असाल तर तीनला झोप पूर्ण झालेली असते, त्यात अध्यात्म काही नाही. वयानं गाढ झोप कमी होते आणि शरीराचं घड्याळ पुढं सरकतं, लवकर पेंग येते, लवकर जाग येते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, रात्री साडेदहापर्यंत रेटा, संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद. रात्री लघवीला उठावं लागत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, लाजू नका. आणि झोप लागावी म्हणून रोज ‘थोडी’ घेत असाल तर ती थोडीच पहाटे तीनला उठवते, झोप लागते लवकर आणि मोडतेही लवकर.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, आवडीच्या गोष्टीत पण रस नाही, भूक गेलेली, वजन उतरतंय, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, यातलं काही असेल तर तो डिप्रेशनचा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. तिथं वर्तमानात जगा सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणून सांगणं. मरणाचे विचार येत असतील तर सरकारची टेलिमानस लाईन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात.

हे सगळं ठीक निघालं असं धरून पुढं जातो.

तुमच्या पुढच्या भीतीबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका आजीनं. आमचा दवाखाना पंचगंगेच्या बाजूला खालच्या भागात, त्यामुळं जुलै लागला की सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा, राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापूरच्या शाळेतल्या पोराला पण पाठ. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं, २०२१ ला परत आलं, त्यानंतर तर लोकांनी धसकाच घेतला. असाच एक पावसाळा, पातळी असेल ३३-३४, आणि मी दर अर्ध्या तासानं फोन बघतोय, पेशंट समोर बसलाय आणि मी फोन बघतोय. ही आजी बीपी दाखवायला आलेली, ऐंशीच्या पुढची, २००५ पासूनचे सगळे पूर बघितलेली. मला म्हणाली, “डॉक्टर, एकोणचाळीसला आलं की सामान माळ्यावर टाकायचं, त्रेचाळीसला आलं की निघायचं. चौतीसला काय करायचं? चौतीसला भाकरी थापायची.”

मी त्या दिवशी फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

तिला भीती नव्हती असं नाही, घरात पाणी शिरल्यावर काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण तिनं प्रत्येक पातळीला एक काम नेमून दिलेलं होतं, आणि ती पातळी येईपर्यंत तिचे हात मोकळे होते. ‘भविष्याचा विचार करू नका’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. साठीनंतर भविष्याचा विचार करायलाच पाहिजे, फक्त तो एकदा बसून, दिवसाउजेडी, कागदावर करायचा. पहाटे तीनला अंथरुणात केलेल्या विचाराचं काहीच होत नाही, तो दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरू होतो.

तर तुमच्या ‘मी पडलो तर’ ला पातळ्या लावा. पडू नये म्हणून काय, तर बाथरूमला हँडल, ओल्या फरशीवर रबरी पट्टी, रात्री पॅसेजमध्ये बारका दिवा. पडलोच तर काय, तर शेजारी कुणाकडं घराची चावी, पहिला फोन कुणाला, दवाखाना कुठला, मेडिक्लेमचं कार्ड कुठं. गेलोच तर काय, तर मृत्युपत्र. ते साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असा लई लोकांचा गैरसमज आहे, नॉमिनीच्या हातात पैसे येतात, वारसाहक्क वेगळा, त्यामुळं वकिलाकडं एक चक्कर मारा. आणि भावनेच्या भरात हयातीतच घर पोराच्या नावावर करू नका, करायचंच असेल तर आम्हाला सांभाळायचं ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर ते रद्द करून मागता येतं. पोरगा चांगलाच असेल हो तुमचा, पण कागद कागदाच्या जागी.

मी स्वतः ही फाईल केली ती फार उशिरा, बायकोचं ऑपरेशन अचानक ठरलं तेव्हा पॉलिसीचा कागद मला सापडेना, ५०० पेशंटच्या गोळ्या तोंडपाठ असणारा माणूस स्वतःच्या कपाटापुढं घाम पुसत उभा. नंतर आठवडाभर बसून सगळं एका पिवळ्या फाईलीत लावलं, वर मोठ्या अक्षरात ‘अडचणीत उघडा’. खोटं वाटेल, पण त्या महिन्यात झोप सुधारली.

आता मागचं. जमीन आणि भाऊ.

म्हातारपणी जुनं आठवत बसणं याला पूर्वी डॉक्टर लोक सुद्धा बुद्धी मंदावल्याचं लक्षण समजायचे. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ साली लिहिलं की असं नाही, आयुष्याचा हिशेब तपासून बघणं ही या वयातली स्वाभाविक गोष्ट आहे आणि त्यातून माणूस सुटाही होऊ शकतो. म्हणजे आठवणी यायला लागल्या की त्यांना हाकलायच्या मागं लागू नका. मी एवढंच बघतो की पेशंट आठवण सांगतोय का चघळतोय. सांगताना त्यात माणसं असतात, ऊन असतं, कोण काय म्हणालं ते असतं. चघळताना फक्त निकाल असतो, मी मूर्ख, मी मूर्ख, मी मूर्ख. तुम्ही लिहिलंय २० गुंठ्याला आज काय भाव आहे, पण १९९८ ला ती का विकली हे लिहिलंच नाही. बहिणीचं लग्न होतं? कुणाचं आजारपण? एक वही घ्या आणि त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते सगळं लिहून काढा, दिवसा, २० मिनिटं, आजचा भाव एकदाही न लिहिता. त्या वेळच्या तुम्हाला तिथून बायपास रस्ता होणार हे माहीत नव्हतं, ३५ वर्षांच्या माणसावर ६३ वर्षांच्या माणसानं खटला भरलाय आणि पुरावा सगळा नंतरचा. चालत नाही असलं.

भावाचं वेगळं. तो जिवंत आहे म्हणजे ती आठवण नाही, राहिलेलं काम आहे, त्याला वहीत घालू नका. फोन करा. उचलला नाही तर एकदा जाऊन या, दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून गेलात तर त्याला पण दार उघडायला निमित्त मिळतं. नाही जमलं तर तुमच्याकडून काम झालं, पुढचं त्याच्याकडं. (माझ्या ओळखीत असे दोन भाऊ २२ वर्षांनी बोलले आणि पहिल्या भेटीत परत भांडले, पण आता निदान भांडतात तरी.)

एवढं झाल्यावर मग तो तुमचा मूळ प्रश्न, आत्ताच्या क्षणात राहायचं कसं. तुम्ही डोळे मिटून बसायला गेला हे मला तुमच्यासाठी चुकीचं वाटतं. ३४ वर्षं मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा माणूस तुम्ही, तुमचं लक्ष हातात आणि कानात आहे, ते बंद करून शून्यात बसलात तर बाजार भरणारच.

आमच्याकडं एक वस्ताद येतात, गुडघे दोन्ही गेलेत, आखाड्यात उतरायचं बंद होऊन २० वर्षं झाली. पण रोज पहाटे तालमीत जातात आणि माती बघतात. लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मऊ ठेवावी लागते, पोरं फावड्यानं उकरतात आणि हे काठावर बसून मूठ भरून दाबून बघतात, सुटतीय का, खडा लागतोय का. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबागचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं तिथं यांनी तरुणपणी कुस्त्या मारल्यात, पण त्या कुस्त्या ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मी एकदा विचारलं, वस्ताद, वाईट नाही वाटत आत उतरता येत नाही म्हणून, तर म्हणाले, “वाटतं की. पण माती हातात असली की माती बघायला लागती.” ध्यान ध्यान म्हणतात ते यापेक्षा काही फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तर शरीराला एक काम द्या आणि त्यात राहा. दाढी करताना ब्लेडचा आवाज. अंघोळीचा पहिला तांब्या. चहा पिताना पेपर आणि मोबाईल दोन्ही लांब, नुसता चहा, कप हाताला किती गरम लागतोय तिथंपासून. मन जाणार, ३० सेकंदात जाणार, गेलं हे कळलं की परत कपावर आणायचं, शिव्या न देता. मन गेलं म्हणजे हुकलं असं समजू नका, परत आणणं हाच जोर आहे आणि जोर जितके जास्त मारावे लागतील तितका व्यायाम. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ ला मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात दुखण्यानं बेजार झालेल्या पेशंटसाठी ध्यानाचा एक कोर्स काढला, जगभर आता तोच ८ आठवड्यांचा म्हणून चालतो, त्यात पण श्वासाबरोबर खाणं, चालणं, अंगाची जाणीव हेच असतं. विपश्यना करू का असं कुणीतरी मला दर महिन्याला विचारतं, आपल्याकडं हातकणंगल्याजवळ आळत्याला केंद्र आहे, १० दिवस मौन, चांगलं आहे, पण पहिल्या झटक्यात नको, आणि डिप्रेशनची औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय आणि तिथल्या फॉर्ममध्ये खरं लिहिल्याशिवाय तर नकोच.

चालायला रंकाळ्यावर जाता म्हणालात. चांगलंय, पण कानात फोन घालून नाही, आणि त्याच चार जणांबरोबर तेच राजकारण रोज नाही. एक दिवस एकटे जावा आणि काल नव्हतं असं काहीतरी शोधा, तळ्यातल्या संध्यामठाच्या किती पायऱ्या आज पाण्याबाहेर आहेत, कुठला पक्षी आलाय, कुणाची गाडी नवीन जागी लागलीय. आपल्या वयाची एक तक्रार असते की दिवस सरत नाही आणि वर्ष मात्र भुर्रकन जातं. त्याचं एक कारण असं धरतात की रोज तेच ते झालं की डोक्यात साठवण्यासारखं काही उरत नाही, मग मागं वळून बघितलं की वर्ष रिकामं, म्हणून छोटं. रोज एक नवीन गोष्ट दिसली तर वर्ष थोडं लांब होतं. गंगावेशीत पहाटे म्हशीची धार काढून तिथंच ग्लासात देतात तिथं उभं राहून बघा, फेस ओठाला लागल्यावर कुणाला जमिनीचा भाव आठवत नाही. डॉक्टर म्हणून मी कच्चं दूध प्या असं सांगणार नाही. मी पितो, ते सोडा.

आणि शांत म्हणजे थंड, हे डोक्यातून काढा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलच्या मॅचला सत्तर-पंचाहत्तरचे लोक येतात, टोपी, छत्री, खिशात शेंगदाणे, आणि ९० मिनिटं रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालतो. त्यातले दोघं माझे पेशंट आहेत. बीपीसाठी मी रागावतो, पण त्या दीड तासात एवढी पूर्णपणे तिथं असलेली माणसं मी दुसरीकडं क्वचित बघितलीत.

उतारवयात माणूस दुःखीच होत जातो हा समजही बरोबर नाही. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन नव्वदच्या दशकापासून यावर काम करतायत, आणि त्यांचं म्हणणं असं की पुढं वेळ कमी आहे हे जाणवलं की माणूस निवड करायला लागतो, ओळखीपाळखीची गर्दी कमी, जिवाभावाची माणसं जास्त, आणि म्हणून सरासरी बघितली तर वयस्कर लोकांच्या मनाची अवस्था तरुणांपेक्षा चांगली असते. तेव्हा ज्या सोसायटीच्या कमिटीत जाऊन तुमचं डोकं फिरतं ती सोडली तरी चालतंय, परवानगी घ्या माझी. फक्त सगळंच सोडून टीव्हीपुढं बसू नका, आठवड्यातून तीन वेळा तरी कुणाशी तरी समोरासमोर बोलणं झालं पाहिजे, फोनवरचं सोडून.

राहिलं घरातलं. वहिनी म्हणतात पायात पायात येता, ते खरं असणार, कारण तुम्ही फोरमन म्हणून स्वयंपाकघरात शिरत असणार, गॅस बारीक कर, डबा इथं का ठेवला. इतकी वर्षं ते खातं त्यांनी चालवलंय, तिथं सुपरवायझर नकोय. एक काम मागून घ्या, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं. मी भाजी घेतली. सकाळी कपिलतीर्थ मार्केटला जायचं, मेथीची जुडी नाकाला लावून बघायची, भाव करायचा, घरी येऊन पेपर पसरून निवडायची, पान वेगळं, काडी वेगळी, माती झटकून. अर्धा तास जातो आणि त्यात १९९८ एकदाही येत नाही. पहिला महिनाभर वहिनी तुम्ही निवडलेली मेथी गपचूप परत निवडतील, माझ्याकडं अजून निवडली जाते, तिकडं बघायचं नाही.